चार नंबरच्या खोलीमागचा खुंटा

तात्सुए मोचिझुकी रोज सकाळी साडेसातला कारखान्याच्या दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची कॉलर उलटून पाहते. आधी कॉलर, मग बाही, मग पायमोज्याची कड. थंडीत आतल्या बनियनचीही सुटका नसते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी लाज वाटते, दुसऱ्या दिवशी राग येतो आणि तिसऱ्या दिवसापासून तो आपणहून मान वाकवून उभा राहतो. पाठीमागे तिला सगळे 'जकात नाका' म्हणतात. तिला ते माहीत आहे. हे नाव कुणी पाडलं, कधी पाडलं आणि तेव्हा कोण कोण हसलं हेही तिला माहीत आहे, कारण माहीत करून घेतल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही.

कारखाना शोभेच्या दारूचा. जपानमधल्या यामानाशीत, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट मुलखात, नदीकाठच्या गोट्यांवर वसलेला. उन्हाळ्याच्या उत्सवांत आभाळात जी फुलं फुटतात ती इथे हिवाळ्यात बनतात, आणि हिवाळा हाच इथला सगळ्यात कोरडा काळ. यात्सुगाताके डोंगरावरून वारा सुटला की ओठ फुटतात, केस कंगव्यामागे उभे राहतात आणि पोलादी कपाटाला हात लावला की टचकन चटका बसतो. घरी चटका बसला तर माणूस हात झटकतो आणि कामाला लागतो. इथे मिश्रणाच्या खोलीत तेवढी ठिणगी पुरते. म्हणून अंगावर फक्त सुती कपडे, आतले-बाहेरचे सगळे. नायलॉन नाही, ॲक्रिलिक नाही, लोकर नाही. खोल्या सात, एकमेकींपासून दूर, मध्ये मातीचे बांध. प्रत्येक खोलीच्या दाराशी छातीच्या उंचीवर तांब्याची पाटी, पाटीपासून निघालेली तार खोलीमागच्या लोखंडी खुंट्याला बांधलेली आणि खुंटा जमिनीत ठोकलेला. आत जाण्याआधी पाटीवर तळवा टेकवायचा, तीन मोजायचे आणि मगच दार उघडायचं. तात्सुए स्वतःच्या घराच्या दाराशीही हात टेकवून तीन मोजते. तिथे पाटी नाही, नुसती भिंत आहे.

खिसे तपासायचं काम मालकाचं. मालक म्हणजे कोहेइ, चाळिशीचा, बोलायला मऊ, आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला धंदा सांभाळणारा. तो काडेपेटी शोधतो, लायटर शोधतो. तात्सुए खिशाला हातही लावत नाही. तिला हवं असतं ते आतलं लेबल. नागोयाला दिलेल्या तिच्या मुलीने एकदा तिला पातळ, ऊबदार बनियन पाठवला होता, सध्या सगळे घालतात तसला. तात्सुएने लेबल वाचलं, बनियन होता तसा घडी घातला आणि परतीच्या टपालाने नागोयाला धाडून दिला. सोबत चिठ्ठी नव्हती. मुलगी महिनाभर बोलली नाही.

तर एवढ्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, सगळे काडी शोधतात, तू कापूस का शोधतेस? होसाकाने कामावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं, आणि तात्सुएच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

होसाका नोव्हेंबरात आला. सत्तावन्न वर्षांचा, काटकुळा, कानाच्या मागे पेन्सिल. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथे दारूच्या गोळ्यांवर कागद चिकटवायला आला. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. त्याच्या खिशात एक वही असे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे शेगडी नसलेल्या त्या गार खोलीत डबे उघडून बसत, तेव्हा हा डबा अर्धा टाकून खोल्यांच्या मागे फिरायला जाई. चार नंबरची खोली कुठे आहे असंही त्याने एकदा विचारलं. तीन नंतर पाच कशी येते, एवढाच त्याचा प्रश्न होता म्हणे.

तात्सुए सरळ कोहेइकडे गेली.

"हा माणूस कुणी पाठवला?"

"कुणी नाही, तात्सुए-सान. आपणच पेपरात जाहिरात दिली होती."

"जाहिरात वाचून मास्तर लोक येतात होय, खळ लावायला?"

"त्यांना लहानपणापासून आवड होती म्हणाले."

"आवड असलेला माणूस वर आभाळात बघतो. हा खाली जमिनीकडे बघत फिरतो. वहीत लिहितो. कुठेतरी पाणी मुरतंय, कोहेइ-सान. तुम्ही अजून लहान आहात."

कोहेइला तिने मांडीवर खेळवलेलं असल्यामुळे तो चाळिशीतही तिच्या दृष्टीने लहान होता. तो हसला आणि कागदपत्रांत डोकं घातलं. तात्सुएने मनाशी ठरवलं, आता या मास्तरावर आपणच नजर ठेवायची.

चार नंबरच्या खोलीबद्दल कुणी विचारलं की ती सावध होते, आणि त्याचं कारण आधी सांगितलेलं बरं. बावन्न वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, ती खोली उडाली. आत दोघे होते. एक अमानो आणि दुसरा सेइजी मोचिझुकी, म्हणजे तात्सुएचा बाप. तात्सुए दहा वर्षांची होती आणि शाळेत बसली होती. आवाज झाला, वर्गाच्या काचा थरथरल्या, बाईंच्या हातातला खडू तसाच फळ्यावर राहिला. कारखान्यातल्या माणसांची मुलं कोण ते बाईंना पाठ होतं. त्यांनी एकेकाकडे पाहायला सुरुवात केली तेव्हाच तात्सुएने दप्तर भरायला घेतलं.

सेइजीला सिगरेटची सवय होती. कपडे बदलायच्या खोलीत टांगलेल्या त्याच्या कोटाच्या खिशात लायटर सापडला. कोट खोलीत होता, लायटर कोटात होता, म्हणजे तो चार नंबरात नव्हता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कुणीतरी म्हणालं, सेइजी ओढायचा. दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले की सेइजी तिथे ओढत होता. तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालं. कारखान्याच्या कोपऱ्यात अग्निदेवतेचं देऊळ आहे, त्याच्या शेजारी दगड उभा केला आणि त्यावर एकच नाव कोरलं, अमानोचं. जुने मालक म्हणाले, सेइजीचं मागाहून बघू. ते मागाहून काही आलं नाही. तात्सुएची आई पुढे वीस वर्षं त्याच कारखान्यात कागद चिकटवत होती आणि रोज त्या दगडासमोरून खाली मान घालून जात होती. अमानोची बायको किकुए पुलापलीकडे राहायची. ती दर जानेवारीला दगडापुढे संत्री ठेवायला यायची, तेव्हा मोचिझुकींच्या माणसांना ओलांडून जायची, वाटेत भांडं ठेवलेलं असावं तशी. तात्सुए एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली, लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, आणि किकुए अजून तशीच तिला ओलांडून जाते.

बापाने सिगरेट ओढली नाही यावर तात्सुएचा जिवापाड विश्वास. मग कुणी काय केलं? तिच्याकडे एक गोष्ट होती, तिने कुणालाच न सांगितलेली. त्या सकाळी शाळेला जाताना ती चार नंबरवरून गेली होती. दारात अमानो उभा होता. त्याने तिला एक कॅरमेल दिलं. हात पुढे केला तेव्हा पांढऱ्या सुती बाहीखालून निळी कड डोकावली. मऊ, केसाळ, विणलेली निळी कड. तेव्हा तिला ती नुसती सुंदर वाटली. कामाला लागल्यावर, पहिल्याच आठवड्यात, कुठल्या कापडाने अंगावर वीज साठते याची यादी तिच्याकडून पाठ करून घेतली, त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. त्यानंतर ती लोकांच्या कॉलरी उलटू लागली. पण बाप दोषी ठरलेल्या घरातली पोर उठून म्हणणार, की मेलेल्या अमानोने आत स्वेटर घातला होता? कोण ऐकून घेणार होतं तिचं?

आणि त्या सकाळची आणखी एक गोष्ट होती. ती तिने मोडीत काढली होती. जुन्या मालकीणबाईंचा एक नेम होता. हिवाळ्यात रोज सकाळी प्रत्येक खोलीमागच्या खुंट्याच्या बुडाशी एक किटली मिठाचं पाणी ओतायचं आणि दोनदा टाळी वाजवून हात जोडायचे. कामगारांच्या मुलांना खोल्या वाटून दिलेल्या होत्या. मालकीणबाई पहिल्याच दिवशी तात्सुएच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "चार नंबर तुझ्याकडे." वडील आत काम करतात म्हणून तिला तो मान. त्या सकाळी किटलीत पाणी गोठलेलं होतं, शाळेला उशीर झाला होता, खिशात कॅरमेल होतं, आणि तात्सुएने नुसत्याच दोन टाळ्या वाजवल्या आणि पळाली. पुढची पाचेक वर्षं ती अंथरुणात रडायची, की देव आपल्यावर कोपला. पंधराव्या वर्षी तिने स्वतःलाच बजावलं, की किटलीभर पाण्यासाठी दोन माणसं मारणारा देव असूच शकत नाही. तिथे तिने तो विषय संपवला. मालकीणबाई गेल्या, नेमही बंद पडला, आणि तिला बरंच वाटलं.

आता मास्तर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, तात्सुएने त्याला रंगेहाथ पकडलं. दोन नंबरच्या मागे उकिडवा बसून तो खुंट्याला चिमटे लावत होता. चिमट्यांना वायरी, वायरींना एक डबी.

"काय चाललंय?"

मास्तर दचकला नाही, याचाच तिला जास्त राग आला.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "मी तुम्हालाच विचारणार होतो. काल मी पाटीला हात लावून, तीन मोजून आत गेलो. तरी तराजूच्या दांडीला बोट लागलं आणि चटका बसला."

"आत काय घातलं होतं?"

"ते तुम्हीच पाहिलंत की. बनियनसकट."

हे खरं होतं. तात्सुएने क्षणभर विचार केला आणि मग तिच्या लक्षात आलं की माणूस कुठे बोट दाखवतोय.

"म्हणजे माझ्या पाटीत खोट आहे म्हणता? मी रोज घासते ती. तुमच्या चष्म्यापेक्षा स्वच्छ आहे."

"पाटी झकास आहे. मला संशय आहे तो पाटीच्या पुढच्या गोष्टींवर."

"इथे असले खेळ करायचे नाहीत. दारू आहे पलीकडे. कपडे बदलायच्या खोलीशी चला, तिथे पण पाटी आहे. आणि मी बघणार आहे, तुम्ही काय काय करता ते."

मास्तरला हेच हवं असावं. त्याने पिशवीतून जॅमची रिकामी बरणी काढली. झाकणातून आत एक तांब्याची तार गेलेली, तारेच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या, जोडीने लोंबणाऱ्या. बरणीची तार त्याने पाटीला जोडली. मग प्लास्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा कागदी रुमालाने खसाखसा घासला.

"घासल्यावर काय होतं सांगतो. प्रत्येक वस्तूत विजेचे दोन प्रकार असतात, धन आणि ऋण, सारखेच, म्हणून एरवी कळत नाही. दोन वस्तू घासल्या की एकीचे ऋण कण दुसरीकडे जातात. हिच्याकडे जास्त झाले, तिच्याकडे कमी पडले. जास्त झालेल्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही. ते दूर पळायला वाट शोधतात."

"मोठ्या घरातल्या जावांसारखं," तात्सुए म्हणाली.

"अगदी तसंच. आता बघा."

त्याने पाइप पाटीच्या कडेवरून ओढला. बरणीतल्या पट्ट्या एकमेकींपासून फाकल्या आणि तशाच फाकलेल्या राहिल्या. तात्सुए वाट पाहत होती. पट्ट्या खाली येईनात.

"यायला हव्यात ना खाली?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"यायला हव्यात. पाटीला तार, तारेला खुंटा, खुंट्याला जमीन. जमीन एवढी मोठी, की कितीही आलं तरी पोटात घेईल. पण इथली जमीन म्हणजे गोटे. पावसाळ्यात ओली असते. हिवाळ्यात नदी खाली जाते, गोटे वाळतात, आणि वाळलेल्या गोट्यांतून वीज जात नाही. म्हणजे खुंटा आहे, पण हवेत उभा असल्यासारखा. तुम्ही पाटीवर हात ठेवता तेव्हा अंगातली थोडी वीज पाटीत जाते, पाटी भरते, बाकीची तुमच्याच अंगावर राहते. बादलीतलं पाणी वाटीत ओतल्यासारखं. ती घेऊन आपण तीन मोजतो आणि आत जातो."

रोज सकाळी अठरा माणसं तळवा टेकवत होती आणि तीन मोजत होती, आणि त्याचा हिवाळ्यात काडीचा उपयोग नव्हता. मास्तरने चहाच्या किटलीतलं उरलेलं पाणी खुंट्याच्या बुडाशी ओतलं आणि पुन्हा पाइप घासून पाटीवरून ओढला. पट्ट्या फाकल्या आणि हळूहळू, फार हळू, खाली येऊ लागल्या.

"फरक आहे, पण पुरेसा नाही," तो म्हणाला.

"मीठ घाला," तात्सुए म्हणाली.

मास्तरने मान वर केली. "काय म्हणालात?"

ती आत गेली, लोणच्यासाठी ठेवलेलं जाडं मीठ मूठभर घेऊन आली, किटलीत नळाचं पाणी भरलं, मीठ ढवळलं आणि स्वतःच्या हाताने खुंट्याच्या बुडाशी ओतलं. गोट्यांनी ते गटागटा पिऊन टाकलं. मास्तरने पाइप घासला, ओढला. पट्ट्या हलल्यासुद्धा नाहीत. पुन्हा घासला. नाही. तिसऱ्यांदा घासला.

"तुम्हाला हे कसं माहीत?" मास्तरचे डोळे चमकत होते. "नुसत्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी वीज कितीतरी चांगली वाहून नेतं. पोरांना हे सांगून सांगून माझा घसा बसला."

तात्सुएने त्याला मालकीणबाईंचा नेम सांगितला. टाळ्यांसकट.

"कुणीतरी जाणतं होतं," तो वहीत लिहीत म्हणाला. "मालकीणबाईंना कुणीतरी नीट समजावून सांगितलं असणार. आणि नुसतं सांगितलं तर मुलं कंटाळा करतील म्हणून त्यांनी त्याला देव जोडून दिला असेल. केवढी हुशार बाई. आणि आपण देवाचं म्हणून सोडून दिलं."

तात्सुए किटली हातात धरून तशीच उभी होती. मास्तरला वाटलं तिला थंडी वाजतेय.

कोहेइने त्याच दिवशी काम थांबवलं. खोल ठोकायचे नवे खांब मागवले, तोवर रोज मीठपाणी घालायचं ठरलं. सगळ्यांनी मास्तरचं कौतुक केलं आणि तात्सुएचंही, मिठाबद्दल. ती कौतुक ऐकत बसली आणि डबा न उघडताच उठली. दोन दिवसांनी तिने मास्तरला गाठलं.

"मास्तर, एक खोली आहे समजा. तिचा खुंटा कोरडा आहे. आणि आतल्या माणसाने विणलेला स्वेटर घातलाय. तर?"

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. तीन नंतर पाच का येते ते एव्हाना त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"दोन गोष्टी लागतात, तात्सुए-सान. अंगावर वीज साठायला हवी आणि तिला जायला वाट नसायला हवी. दोन्ही एकदम. एकटीने बहुतेक काही होत नाही."

"म्हणजे खुंटा ओला असता तर स्वेटर असूनही निभावलं असतं."

"असतं कदाचित. इतक्या वर्षांनी नक्की कुणी सांगू शकणार नाही."

"शाळेत पोरांना असंच गोल गोल सांगायचात का?"

मास्तरने वही मिटली आणि म्हणाला, "बहुतेक निभावलं असतं."

तात्सुएने मान हलवली. आयुष्यभर तिने जगातल्या प्रत्येकाच्या बाहीत डोकावून पाहिलं होतं आणि अर्धी गोष्ट तिच्या स्वतःच्या किटलीत होती. बाप गेला, वर सिगरेटचा डाग लागला, आई मान खाली घालून गेली. डाग पुसायचा तर खरं सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं नाव घ्यायला हवं. निळी कड तिच्याकडे होती, पण तो दहा वर्षांच्या मुलीने पाहिलेला इंचभर रंग. किटली मात्र पक्की होती. तिला फार भीती वाटली. बासष्टाव्या वर्षी तिला दप्तर भरून पळून जावंसं वाटलं.

रविवारी सकाळी ती पूल ओलांडून किकुएच्या घरी गेली. ओसरीला वाळत घातलेल्या पर्सिमन फळांच्या माळा लोंबत होत्या. किकुएने दार सरकवलं, तिला पाहिलं आणि दार तेवढंच उघडं ठेवलं, माणूस आत येणार नाही एवढं. चौऱ्याऐंशीची झाली होती, वाकली होती, पण नजर तीच, ओलांडून जाणारी.

"काकू, मी बसायला आले नाही," तात्सुए म्हणाली आणि दारातच, बूट न काढता, सगळं सांगून टाकलं. खुंटा, मीठ, गोठलेली किटली, दोन टाळ्या. बरणीतल्या पट्ट्याही सांगितल्या, मास्तर बोलला तशाच. निळ्या कडेबद्दल मात्र ती बोलली नाही. मेलेल्या माणसाच्या बायकोला तिच्याच दारात कसं सांगणार? "बाबांनी सिगरेट ओढली नव्हती. चूक माझी होती. दोष द्यायचाच तर मला द्या, त्या दगडावर त्यांचं नाव का नाही?"

किकुएने दार पूर्ण सरकवलं.

"तू दहा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "आत ये."

कोतात्सुच्या, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत तात्सुएला बसवून ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी सरकवल्याचा, मग बराच वेळ काही नाही. तात्सुएने सवयीने कान टवकारले. म्हातारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तो तिने टेबलावर ठेवला. झाकण तिला निघेना. तात्सुएने काढून दिलं. आत निळ्या धाग्याचा गुंडा होता आणि त्यात खोचलेल्या विणायच्या दोन सुया.

"त्याला हिवाळाभर खोकला असायचा," किकुए म्हणाली. "हे ॲक्रिलिक तेव्हा नवीन निघालं होतं. लोकरीपेक्षा हलकं, धुवायला सोपं, रंग जात नाही. त्याने नको म्हटलं होतं. मी म्हटलं, आत घाल, वरून दिसत नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला दिसलं होतं," तात्सुए म्हणाली. "बाहीखालून."

किकुएने तिच्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आणि सिगरेट?" तात्सुएने विचारलं.

"ते मीच म्हणाले. सगळ्यात आधी मीच. लोक जमले होते, कसं झालं, कसं झालं, विचारत होते. कुणी कपड्यांबद्दल विचारलं असतं तर... माझ्या तोंडून निघून गेलं, सेइजी-सान ओढायचे. पुढचं लोकांनी केलं. मला मागे घेता आलं असतं. नाही घेतलं."

इतकी वर्षं तात्सुएचा संशय खरा होता. तिला वाटलं होतं, हे कधी कळलं तर आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला संताप आला.

"माझी आई वीस वर्षं त्या दगडासमोरून मान खाली घालून गेली."

"माहीत आहे. मी पुलावरून बघायचे."

"बघायचात आणि तरी..."

"हो," किकुए म्हणाली. "बघायचे आणि तरी."

तात्सुए उठली. चहा ओतलेला होता, त्याला तिने हात लावला नाही. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तुम्ही बत्तीस, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण एका बाईकडे धागा होता आणि दुसरीकडे किटली, आणि दोघींनी मिळून एकाच मेलेल्या माणसाच्या खांद्यावर सगळं ठेवलं होतं. माफ करायचं तिच्या मनात नव्हतं. ती दाराशी गेली, बूट घातले आणि मागे वळली.

"गुरुवारी कारखान्याच्या देवळात जानेवारीची पूजा आहे. सगळे असतील. तिथे सांगायचं. तुम्ही तुमचं, मी माझं."

"मला यंदा पुलापर्यंत चालवत नाही."

"मी गाडी आणते."

गुरुवारी वारा सुटला होता. देवळासमोर अठरा माणसं, कोहेइ आणि मास्तर हात चोळत उभे होते. तात्सुएची गाडी आली. किकुए काठी टेकत उतरली, कारखान्याच्या दारापर्यंत आली, आणि तात्सुएने काही विचार करायच्या आत, रोजच्या सवयीने, तिची कॉलर उलटली. मागे कुणीतरी हसू दाबलं. तात्सुएचा हात तिथेच थांबला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किकुएने मान आणखी वाकवली.

"सुती आहे," ती म्हणाली. "नीट बघ, तात्सु-चान."

लहानपणी तिला सगळे तसंच म्हणायचे. तात्सुएने लेबल वाचलं. मग बाह्या पाहिल्या, दोन्ही हातांच्या, अगदी आतपर्यंत. मग म्हातारीचा तळवा धरून कपडे बदलायच्या खोलीच्या पाटीवर टेकवला आणि दोघींनी तीन मोजले.

दोघींनी सांगितलं. किकुए फार थोडं बोलली आणि तिने धाग्याचा गुंडा दगडापुढे ठेवला. तात्सुएला जास्त वेळ लागला. कोहेइने आजोबांच्या वतीने दगडासमोर वाकून माफी मागितली, आणि मार्चमध्ये पाथरवट येऊन अमानोच्या नावाखाली सेइजी मोचिझुकी हे नाव कोरून गेला. किकुए संत्री घेऊन येते, आता दोनाऐवजी चार आणते. ती आणि तात्सुए अजून फारसं बोलत नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात नवे खांब खोलवर, ओल्या मातीपर्यंत गेले. मास्तरने डबी लावून मोजलं आणि आता मिठाची गरज नाही असं लिहून दिलं. तरी साडेसातला जकात नाका उघडण्याआधी तात्सुए किटली घेऊन तीन आणि पाच नंबरच्या मधल्या रिकाम्या जोत्याकडे जाते. तिथे गवत आहे आणि गंजलेला एक खुंटा. एकदा कोहेइने पाहिलं आणि तो मऊ आवाजात म्हणाला, "तात्सुए-सान, तिथे आता काहीच नाही."

"चार नंबर माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि किटली रिकामी होईपर्यंत ओतत राहिली.